वाट्याची कोंबडी

जुना जालना,
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
देवानंदचा स. जय भीम वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, याला आज सवड कशी मिळाली. कान गेल्यापासून तू फोन शेजारणीच्या हातात देतेस, आणि ती माझं बोलणं तुला ओरडून सांगते. अर्धी गल्ली ऐकते. त्यापेक्षा पत्र बरं. तू सातवी पास आहेस आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा अजून वळणदार आहे.

तर बातमी अशी, की आमच्या संस्थेनं या वर्षी कोंबडा बदलायची योजना घेतली आहे. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. सुधारित जात दीडशेच्या वर जाते. सगळ्या कोंबड्या बदलायला नकोत, नुसता कोंबडा बदलला की पुढची पिलं सुधारतात. संस्था कोंबडा फुकट देणार. अट एकच, गल्लीत गावठी कोंबडा शिल्लक राहता कामा नये, नाहीतर नवं रक्त उतरत नाही. सुरुवात कुंभार पिंपळगावात तुझ्या गल्लीपासून करावी असं मी साहेबांना सांगून बसलो आहे. सख्ख्या बहिणीनंच ऐकलं नाही तर बाकीच्या बाया काय ऐकतील?

नंदाबाईंच्या बाबतीत जसा नऊ वर्षं हट्ट धरून बसलीस तसा यात धरू नकोस, एवढीच विनंती. दाजी गेल्यावर तू एकटी आहेस. अंडी वाढली तर तुझंच बरं होईल.

तब्येतीला जप. कळावे, माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा,
देवानंद

*

कुंभार पिंपळगाव,
दि. २७ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास,
आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अंडी जास्त देते हे मी मानते, तू शिकलेला आहेस, खोटं कशाला लिहिशील. पण ती खुडूक होते का? अंड्यावर बसते का? तुझ्या पत्रात सगळं आहे, तेवढंच नाही.

माझ्या लग्नात मायनं डालग्यात घालून एक काबरी कोंबडी दिली होती. आंदण म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. ती म्हणाली होती, अडचण आली तर सगळं विक, पण एक कोंबडी आणि एक कोंबडा मागे ठेव, बी मोडू नको. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. आज अंगणात आहे ती काबरी त्याच काबरीच्या पोटची, आणि तांबडा कोंबडाही तिचाच. तू लहान होतास तेव्हा घरात एकच अंडं असायचं, ते तुझ्या ताटात जायचं आणि टरफलं झाडाखाली टाकायचं काम माझं. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

नंदाबाईचं नाव तू उगाच काढलंस. नणंद म्हणून मी तिला काबरीची तलंग, नुकती अंड्यावर येणारी तरणी कोंबडी, वाट्यानं दिली होती. वाट्यानं म्हणजे कोंबडी माझी, सांभाळायची तिनं आणि पिलं निम्मी-निम्मी. जालन्यात राहून विसरला असशील म्हणून सांगते. अकरा पिलं निघाली आणि माझा वाटा द्यायच्या वेळी म्हणाली, नऊ मुंगसानं नेली. मी भर बाजारात म्हणाले की हे मुंगूस दोन पायांचं दिसतं. त्यात माझं काय चुकलं?

असो. साहेबांसमोर तुझी मान खाली जायला नको. घेऊन या तुमचे कोंबडे. पाहुण्यांना उपाशी पाठवणार नाही, जेवूनच जायचं.

लोभ आहेच, तो वेगळा मागायला नको.

तुझी आक्का,
केशरबाई

*

जुना जालना,
दि. १९ मार्च २०२४

ती. आक्कास,
देवानंदचा स. जय भीम वि. वि.

आक्का, तू तर कमालच केलीस! कार्यक्रम असा झाला की साहेब गाडीत वडीगोद्रीपर्यंत तुझंच बोलत होते. बायांची ती रांग, प्रत्येकीच्या हातात नवा पांढरा कोंबडा, आणि मधोमध तू. तोच फोटो संस्थेच्या अहवालावर येणार आहे.

आणि तो रस्सा! साहेबांनी दोनदा मागून घेतला, मी तर तीनदा. ते म्हणाले, असा रस्सा जालन्यात कुठल्या हॉटेलात मिळत नाही. तू वाढताना सांगितलंस तेव्हा कळलं की तो तांबडा होता. तसाही तो काढायचाच होता. पाहुण्यांच्या पंगतीला गेला, त्याचं सोनं झालं म्हण. तुझ्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्याच दिवशी आपापले कोंबडे कापले हेही बरं झालं, आमची अट आपोआप पूर्ण झाली.

तू खुडूक होण्याचं विचारलं होतंस. अगं, कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद, म्हणजे नुकसानच की! नव्या जातीत ती भानगड जवळजवळ नाही. तुम्ही बाया खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस घालता, पाण्यात बुडवता, तो त्रासच संपला. आणि ढगांच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून टोपल्यात ठेवतेस तो लोखंडाचा तुकडा आता भंगारात दे. साहेब पाहून हसत होते.

तू म्हणालीस ती मानमोडी रोगाची लस पुढच्या खेपेला नक्की आणतो. माया असू दे, रागावू नकोस.

देवानंद

*

कुंभार पिंपळगाव,
दि. ४ ऑगस्ट २०२४

चि. देवानंद यास अ. उ. आ.

काबरीच्या अंड्यांवर काबरीच बसवली. बारा पिलं निघाली, अंगानं भारी. गल्लीतल्या बाया खूश आहेत. मीही नाखूश नाही, खोटं का लिहू?

एक सांगते. घार वर फिरायला लागली की काबरी घशातून एक आवाज काढते. आता मला नुसता तिचा गळा हलताना दिसतो. आपली पिलं तो ऐकताच तुराट्यांच्या गंजीत शिरायची. ही शिरत नाहीत. आई ओरडते आणि ही मान वर करून आभाळाकडे बघत उभी राहतात. बारातली पाच अशीच गेली. संध्याकाळी काबरी लिंबावर चढते, आणि यांना अंग उचलत नाही म्हणून ही खाली बसतात.

लस कधी आणतोस? पावसाळा अर्धा सरला. एवढं मनावर घे.

आक्का

*

कुंभार पिंपळगाव,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. देवानंद यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायला हात वळत नाही.

गल्लीत मानमोडी आली. आधी तुमचे पांढरे कोंबडे गेले, मग पिलं, मग जुन्या कोंबड्या. माना पिळवटून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. दहा दिवसांत गल्लीत सकाळी आरवायला कोणी उरलं नाही. मला ऐकू येत नाही तरी कळलं, कारण बाया उशिरा उठायला लागल्या. काबरी सगळ्यांत शेवटी गेली. दोन दिवस तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी लिंबाखाली पुरली.

तू म्हणशील, मानमोडीत गावठीही मरतातच. मरतात. मायच्या वेळी दर दोन-तीन वर्षांनी यायची. विसातल्या तीन वाचायच्या. पण त्या तिघींतली एखादी खुडूक व्हायची, माय तिच्याखाली अंडी ठेवायची आणि वर्षात अंगण पुन्हा भरायचं. कुणाच्या दारात जावं लागायचं नाही. या वेळीही चार तलंगा वाचल्या, तुझ्या कोंबड्याच्या. अंडी देतात, चांगली मोठी देतात. पण त्यांतली एकही बसत नाही. मी टोपल्यात भुसा घातला, अंडी मांडली, अंधार केला. एक आली, अंड्यांवर पाय देऊन बाहेर गेली. गल्लीत सोळा घरं आहेत, आणि अंडं उबवेल अशी एक कोंबडी नाही. आता पिलू हवं तर तुमच्या गाडीची वाट बघायची.

तू ज्याला नुकसान म्हणालास ना, आमचं सगळं त्याच्यावर चाललं होतं. ते मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. सांगायला हवं होतं. भावाचं नाव राहावं म्हणून मी मायचा शब्द मोडला आणि मायचा कोंबडा तुझ्या ताटात वाढला. मला तुझा राग आला आहे आणि माझा त्याहून जास्त.

लस आणली नाहीस.

केशरबाई

*

जुना जालना,
दि. २ मार्च २०२५

ती. आक्कास,
स. जय भीम वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण तू सगळं माझ्या माथी मारतेस हे बरोबर नाही. लस थंड पेटीतून आणावी लागते. पेटी बिघडली होती, नंतर अहवालाचं काम आलं, मग माझी बक्षीस-समारंभाची धावपळ महिनाभर चालली. मी काय मुद्दाम केलं?

झालं ते झालं. मी तुला अंडी उबवायचं मशीन पाठवतो, लाइट असली की चालतं. शंभर पिलंही देतो, पाहिजे तर उद्या. शेवटी कोंबडी ती कोंबडी, आक्का. माणसासारखं तिला पुरलंस, हे जरा अतीच झालं.

एक नाजूक गोष्ट आहे. या महिन्याअखेरीस साहेब पाहणीला येणार आहेत. तुझ्या अंगणात चार तलंगा आहेत तेवढ्या दाखव. आमच्या कोंबड्यांमुळे रोग आला असं गल्लीत कोणी बोलत असेल तर तू समजावून सांग. तुझं सगळे ऐकतात.

रागात का होईना, उत्तर लिही.

देवानंद

*

कुंभार पिंपळगाव,
दि. ५ एप्रिल २०२५

सौ. नंदाबाई यांना,
केशरबाईचा स. जय भीम.

पत्र पाहून फाडून टाकावंसं वाटेल. आधी वाचा, मग फाडा.

माझ्याकडचं काबरीचं बी मोडलं. कसं मोडलं ते सांगत बसत नाही, चूक माझी आहे. अंडीवाला राधेश्याम तुमच्याकडेही येतो. तो म्हणाला, वडीगोद्रीत नंदाबाईंच्या अंगणात अजून काबऱ्या फिरतात. मला एक तलंग आणि एक कोंबडा पाहिजे. तुम्ही म्हणाल त्या बोलीनं.

नऊ-दहा वर्षांपूर्वी बाजारात मी जे बोलले ते मी पाहिलेलं नव्हतं. नुसतं बोलले. तेव्हा राग होता, नंतर तो सोडायची लाज वाटत गेली.

तुमची वहिनी,
केशर

*

वडीगोद्री,
दि. २० एप्रिल २०२५

केशर वहिनीला नंदाबाईचा जय भीम.

पत्र माझी सून सुरेखा लिहून राह्यली, मी बोलून राह्यले. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, सुधरू नको.

वहिनी, ते मुंगूस चार पायाचंच होतं. रातच्याला खुराड्याची फळी सरकवून आत घुसल्तं. नऊ पिलं मारली, खाल्ली बी न्हाईत सगळी. मी ते मेलेले पिलं तुम्हाला दाखवायला पदरात बांधून बाजारात आणल्ते. तुम्ही आधीच बोलल्या. मंग पदर सोडलाच न्हाई मी. तसेच वापस आणले आन पुरले.

दादा गेला तवा मी आल्ते. तुमच्या घरचं पाणी पिले न्हाई, ते तुम्ही पाहिलं, काही बोलल्या न्हाई. भावाच्या मातीला येऊन तहानलेली गेले मी. हे लिही गं सुरेखा, थांबू नको.

त्या अकरातले दोन राह्यले, त्याच्यावरच हे सगळं. पहिले दोन साल तुमचा वाटा बराबर बाजूला काढून ठेवला. कुणी न्यायला आलं न्हाई. मंग आम्ही खाल्ला. त्याचा हिशोब तुम्ही मागू नका, मी देणार न्हाई.

तलंग देते. कोंबडा बी देते. पण फुकट न्हाई आन इकत बी न्हाई. वाट्यानं देते. आता कोंबडी माझी, सांभाळायची तुम्ही, पिलं निम्मी-निम्मी. कुणाच्या हातानं मागवू नका. सोता या, डालगं घेऊन. आन पाणी पिऊन जा.

एखादं पिलू मुंगसानं नेलं, घारीनं नेलं, तर तुम्ही बिलकुल घाबरू नका. मी तुम्हाला काही म्हणणार न्हाई.

नंदाबाई
(सुरेखाच्या हातानं)

*

जुना जालना,
दि. २६ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
देवानंदचा स. जय भीम वि. वि.

आठ महिने झाले, तुझ्या हातची एक ओळ नाही. मशीन पाठवलं ते तू राधेश्यामच्या गाडीत परत ठेवलंस. ठीक आहे, माझी चूक झाली, मी कबूल करतो. आता तरी बोल.

आणि बघ, दिवस कसे फिरतात! संस्थेला आता नवं काम मिळालं आहे, गावरान जातींचं जतन. सगळीकडे त्याचीच मागणी आहे. गावरान कोंबडी कमी खर्चात जगते, उन्हात टिकते, स्वतः अंडी उबवते, हे आता मोठमोठ्या सभांतून सांगतात. साहेब म्हणाले, अस्सल जोडी कुठे मिळेल? मला एकदम तुझी काबरी आठवली. राधेश्याम सांगत होता, वडीगोद्रीहून जोडी आणलीस आणि पिलंही निघाली. तेव्हा आक्का, एक जोडी आणि थोडी पिलं दे. पुढच्या महिन्यात साहेबांना घेऊन तिकडे येतो. फोटो पुन्हा तुझाच असेल, नाव तुझंच असेल.

हे जमलं तर माझी कायमची नेमणूक होईल. तू नाही म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. भावावरची माया आटू देऊ नकोस.

देवानंद

*

कुंभार पिंपळगाव,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. देवानंद यास,
आक्काचे अ. उ. आ.

गावरान कोंबडी स्वतः अंडी उबवते हे तुमच्या सभांतून सांगतात, हे वाचून मी हसले. किती दिवसांनी हसले.

मी वडीगोद्रीला गेले होते. एसटीत डालगं मांडीवर घेऊन बसले, रिकामं. नंदाबाईच्या उंबऱ्याशी पोचले आणि डालगं खाली ठेवून तिथेच थांबले. ती बाहेर आली नाही, आतून तांब्या सरकवला. मी बाहेर बसून तांब्याभर पाणी प्याले. सगळं. मग ती आली आणि काबरी माझ्या हातात दिली. आम्ही फार काही बोललो नाही. बोललो असतो तरी मला ऐकू आलं नसतं.

काबरी ऑगस्टात खुडूक झाली. तेरा अंड्यांवर बसवली. लोखंडाचा तो तुकडा मी भंगारात दिला नव्हता, तो टोपल्यात ठेवला. तुझे साहेब हसले होते तो. अकरा पिलं निघाली, बरोबर तेवढीच, जेवढी नंदाबाईकडे निघाली होती.

दसऱ्यानंतर घारीनं एक नेलं. काबरी ओरडली असणार, कारण पिलं गंजीत शिरली होती, एक मागे राहिलं. अंगणात दोन पिसं राहिली. मी ती पिसं उचलून रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वडीगोद्रीला गेले. नंदाबाईनं मागितली नव्हती, तरी दाखवली. एका पिलाचा पुरावा घेऊन मी या वयात त्या दारात उभी राहिले. ती नऊ घेऊन माझ्यासमोर आली होती आणि मी तिला पदर सोडू दिला नव्हता. देवानंद, मला तिथे रडू आलं. नंदाबाई कानाशी येऊन ओरडून म्हणाली, मी काही म्हणाले का? खरंच काही म्हणाली नाही. तेच मला लागलं.

आता तुझ्या जोडीचं. काबरी माझी नाही, वाट्याची आहे. दुसऱ्याची वस्तू मला तुझ्या साहेबांना देता येत नाही. तू नंदाबाईकडे माग, असंही मी सांगणार नाही, कारण ती तुला ओळखते. गल्लीतल्या बायांना मात्र पुढच्या वेळी माझ्या वाट्यातली पिलं देणार आहे, तीही वाट्यानंच. सोळा घरांत पुन्हा एक-एक खुडूक कोंबडी यायला चार-पाच वर्षं लागतील. मी तोवर असेन की नाही, माहीत नाही. तुमचं पांढऱ्या कोंबड्यांचं काम एका दुपारी झालं होतं.

साहेबांना घेऊन खुशाल ये. तू माझा भाऊ आहेस, दार बंद नाही. पिठलं-भाकरी करीन, ठेचा करीन. फोटो काढायचा तर लिंबाखाली जुन्या काबरीला पुरलंय तिथला काढा.

राहिली पिलं. दहा आहेत. पाच नंदाबाईंची, पाच माझी. तुझा वाटा तू मागच्या वर्षी खाऊन गेलास, तीनदा रस्सा मागून.

माया आटली असती तर एवढं लिहिलं नसतं.

तुझी आक्का,
केशरबाई